नकाशात थोडी जागा ठेवा राव!

चर्चगेटहून सुटलेल्या विरार फास्टमध्ये संध्याकाळी बोरिवलीचा माणूस चढला तर त्याचं काय होतं, हे इथे कुणाला सांगायची गरज नाही. हा नियम रेल्वेच्या कुठल्याच टाईमटेबलमध्ये छापलेला नाही. तरी तो आहे! कोण दारात उभं राहणार, कुठल्या स्टेशनला कुठल्या बाजूला सरकायचं, कुठली सीट कुणाच्या ग्रुपची... रोजच्यांना हे सगळं पाठ असतं आणि त्यात त्यांना मजाही वाटते. पहिल्यांदा चढणाऱ्याला मात्र ते धक्के खाऊनच शिकावं लागतं.

मित्रहो, मला लोकलवर लिहायचं नाही, त्यावर लिहून झालंय. मला लिहायचंय ते आपल्या हॉस्टेलवर रविवारी दुपारी चालणाऱ्या एका खेळाबद्दल. पण दुखणं तेच आहे.

आधी स्टाफसाठी थोडक्यात खुलासा. मेसच्या कोपऱ्यातल्या टेबलावर पाच पोरं वीस बाजूंचा फासा टाकून 'मी दार लाथेने उघडतो!' असं ओरडताना दिसली, तर सर, काळजी नसावी. याला रोलप्लेइंग गेम म्हणतात. एकजण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात : कुणी लढवय्या, कुणी मांत्रिक, कुणी चोर. पात्राने काय करायचं ते खेळाडू ठरवतो, जमलं की फसलं ते फासा ठरवतो. पैसे लागत नाहीत, कुणी जिंकत-हरत नाही. हे सगळं ज्या काल्पनिक जगात घडतं त्याला म्हणतात 'सेटिंग'. त्या जगातले राजे, देव, लढाया, वंशावळी, नकाशे म्हणजे त्याचा 'लोर'. आपल्याकडे यासाठी फार चांगला शब्द आहे, बखर. मी तोच वापरणार.

तर प्रश्न असा, की ही बखर आणि तिच्या जोडीला नियम वाढत गेले की जगाचं काय होतं? जग श्रीमंत होतं, असं आमचे सीनियर लोक म्हणतात. मला वाटतं, एका मर्यादेपर्यंत होतं. त्यापुढे ते भरतं. आणि भरलेल्या डब्यात नवा माणूस चढत नाही.

या प्रकारातला पहिला प्रसिद्ध झालेला खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो काढला, तेव्हा एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका होत्या. बस्स. बाकी ज्याचं त्याने बघून घ्या. लोकांनी बघून घेतलंही. मग पुरवण्या आल्या, जाडजूड ग्रंथ आले, आवृत्त्या आल्या. २०००, २००८, २०१४ आणि २०२४ साली नियमांची नव्याने मांडणी झाली. आपला सिलॅबसही इतक्यांदा रिव्हाईज होत नसेल!

आता नियमांबद्दल आधी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. नियम वाईट नसतात. 'नियम कशाला, मस्त गप्पा मारत खेळू' असं म्हणणारं टेबल मी पाहिलंय. तिथे ज्याचा आवाज मोठा त्याचं पात्र शूर, आणि जो सूत्रधाराचा रूममेट त्याला जादूची तलवार! गप्प बसणाऱ्या पोराला नियमच वाचवतो. त्याचा फासा अठरा पडला तर पडला, मग समोर कितीही गळेकाढू सीनियर असो.

पण नियमांचा एक हिशोब असतो, तो आपल्याला तरी कळायला हवा. प्रत्येक नवा नियम जुन्या प्रत्येक नियमाला कुठे ना कुठे भिडतो. २० नियम असतील तर त्यांच्या जोड्या होतात १९०. ४० नियम केले की जोड्या ७८०. नियम दुप्पट, भांडणाच्या जागा चौपट! 'अदृश्य झालेला माणूस अंधारात, पावसात, दोरीवर लटकून बाण मारेल का?' यावर पाऊण तास वाद चालतो आणि तेवढ्यात मेसवाले मामा टेबल रिकामं करायला येतात. ड्रॅगन जिवंतच राहतो बिचारा.

बखरीचं दुखणं वेगळं आहे. नियम वेळ खातात, बखर जागा खाते. याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे 'फरगॉटन रेल्म्स' हे जग. एड ग्रीनवुड या कॅनेडियन माणसाने ते लहानपणापासून मनात रचलं होतं. डंजन्स अँड ड्रॅगन्स काढणाऱ्या टीएसआर कंपनीने १९८७ साली ते खोक्यातून बाजारात आणलं. त्या जगात सेंबिया नावाचा एक देश होता. कंपनीने तो मुद्दाम मोकळा ठेवला. म्हणजे काय, तर या देशात आम्ही काही लिहिणार नाही, इथे तुमचं तुम्ही रचा. काय सुंदर कल्पना आहे बघा! नकाशावर चक्क खेळणाऱ्यांच्या नावाने प्लॉट काढून ठेवला होता.

मग पुढे? पुढे व्हायचं तेच झालं. जगाचा खप वाढला, कादंबऱ्या निघाल्या, आणि २००० च्या सुमारास सेंबियावरच कादंबऱ्यांची एक अख्खी मालिका आली. कादंबऱ्या वाईट होत्या असं मी म्हणत नाही. पण ज्या पोराने दहा वर्षं आपल्या टेबलावर स्वतःचं सेंबिया उभं केलं होतं, त्याचं सेंबिया एका दिवसात 'अनधिकृत बांधकाम' झालं. आपल्या वसई-विरारमध्ये या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आणि भरलेलं जग मग रिकामं करायला गेलं की त्याहून मोठी बोंब. २००८ साली नव्या आवृत्तीबरोबर कंपनीने (तोपर्यंत मालक बदलून 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' झाले होते) फरगॉटन रेल्म्सचा काळ सुमारे शंभर वर्षं पुढे ढकलला. जादूचा प्रलय आणला, देव मारले, देश नकाशावरून पुसले. हेतू हा की नव्या खेळाडूला वीस वर्षांची बखर वाचावी लागू नये. हेतू चांगलाच होता. पण ज्यांनी ती बखर प्रेमाने पाठ केली होती ते भडकले. पुढच्या आवृत्तीत पुसलेल्यातलं बरंचसं परत आणावं लागलं. म्हणजे वाढ सोपी, छाटणी महाकठीण. कुठलाही जुना कोड मेन्टेन केलेल्या माणसाला विचारा!

टीएसआरचं काय झालं तेही सांगून टाकतो. नव्वदीच्या आसपास त्यांनी एकामागून एक जगं काढली : वाळवंटाचं वेगळं, भुताखेतांचं वेगळं, आकाशातल्या जहाजांचं वेगळं, परलोकांचं वेगळं. प्रत्येकाची बखर स्वतंत्र, पुस्तकं स्वतंत्र. एका जगाचा खेळाडू दुसऱ्याचं पुस्तक कशाला घेईल? गिऱ्हाईक तेवढंच राहिलं आणि वाटण्या वाढल्या. न खपलेली पुस्तकं, कर्ज, इतरही भानगडी होत्याच. १९९७ मध्ये कंपनी विकली गेली. सगळं खापर बखरीवर फोडणार नाही. पण ती निर्दोषही नाही.

आता कुणी म्हणेल, हे अमेरिकेचं झालं, आपला काय संबंध? संबंध आहे. वाढत जाणाऱ्या बखरीचा सर्वांत मोठा प्रॉब्लेम सोडवायचं काम आपल्या पुण्यात झालंय, आणि तेही टीएसआरच्या कितीतरी आधी. महाभारत! उपाख्यानं सोडली तर 'भारत' चोवीस हजार श्लोकांचं, असं खुद्द महाभारतातच म्हटलंय. आणि आपण ज्याला महाभारत म्हणतो ते लाखाचं. शेकडो वर्षं ज्याला जे सुचलं ते त्याने घातलं. काश्मीरची पोथी वेगळी, दक्षिणेतली वेगळी.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली याची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली. वि. स. सुखठणकर १९२५ पासून १९४३ मध्ये वारले तोवर तिचे प्रमुख संपादक होते. देशभरातून बाराशेहून जास्त हस्तलिखितं तपासली गेली. काम पूर्ण झालं १९६६ साली. जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं! आपलं बीई चार वर्षांत होत नाही म्हणून घरचे ओरडतात...

त्यांनी केलं काय, हे महत्त्वाचं. बहुतेक पोथ्यांच्या साक्षीवर जो भाग टिकला तो वर, मुख्य मजकुरात. बाकीचा फेकून दिला का? नाही! तो तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवला. व्यास सांगतात आणि गणपती लिहितो ही आपल्याला बालवाडीपासून माहीत असलेली गोष्ट त्या आवृत्तीच्या मुख्य मजकुरात नाही, परिशिष्टात आहे. म्हणून कुणी ती सांगायची थांबलं? एकाही आजीने नाही.

आणि उलट बाजूही बघा. द्रौपदीच्या मनात कर्णाबद्दल काय होतं, हे सांगणारं 'जांभूळ आख्यान' आपल्या लोकपरंपरेत आहे. शाहीर विठ्ठल उमपांनी ते रंगमंचावर गाजवलं. ते चिकित्सक आवृत्तीत शोधायला जाऊ नका. महाभारताने द्रौपदीच्या मनातली एक जागा मोकळी ठेवली, म्हणून आपल्या लोककलावंतांना तिथे शिरता आलं. व्यासांनी द्रौपदीचं मन सोळा पुरवण्यांमध्ये तपशीलवार भरून टाकलं असतं, तर आख्यान कशाचं रचणार?

माझं म्हणणं एवढंच आहे. बखर वाढू द्या, पण टेबलावर बसायला ती वाचलेली असण्याची अट नको. आज आपल्या हॉस्टेलवर नेमकी तीच अट आलीय. एका टेबलाचं जग दोन वर्षांपूर्वी एका फुलस्केपवर मावत होतं. आज त्याची फाईल शंभर पानांच्या वर गेलीय, आणि 'आधी वाचून ये' हे पहिलं वाक्य ऐकवलं जातं. गेल्या टर्मला तीन फर्स्ट इयरवाले आले. एकाने विचारलं, 'या डोंगरामागे काय आहे?' सूत्रधार म्हणाला, 'पान बेचाळीस.' ते तिघं पुन्हा आले नाहीत. त्यांच्यातला एक पालघरच्या आतल्या भागातून मराठी माध्यमात शिकून आलाय, शंभर पानी इंग्रजी फाईल त्याच्यासाठी पाचवा पेपरच झाली. गंमत म्हणजे हाच मुलगा रात्री गॅलरीत भुताच्या गोष्टी सांगायला लागला की अख्खा मजला गोळा होतो! असा माणूस आपण टेबलावरून घालवला.

खेळाचे मूळ नियम महाग आहेत ही सबबही आता चालणार नाही. २०२३ च्या जानेवारीत डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला झालाय. खर्च आहे तो वरच्या पुरवण्यांचा, आणि त्यांच्याशिवाय खेळ अडत नाही.

म्हणून तीन सूचना. पटल्या तर घ्या.

एक : नियमांना एका कागदाची हद्द. मूळ नियमसंच आहेच. आपले घरगुती नियम पाठपोट एका पानात बसले पाहिजेत. नवा घ्यायचा असेल तर जुना एक काढा.

दोन : भांडारकर पद्धत. जे टेबलावर प्रत्यक्ष खेळलं गेलं ते मुख्य बखरीत. जे कुणी रात्री जागून एकट्याने लिहिलं ते तळटीपेत. तळटीप म्हणजे अपमान नाही. ती ज्याला आवडेल त्याने वाचावी, पण तिच्या जोरावर दुसऱ्याला चूक ठरवू नये.

तीन : प्रत्येक नव्या खेळाडूला नकाशावर एक सेंबिया. एक बेट, एक खाडी, एक गाव. तिथलं तो सांगेल ते खरं.

आणि जागेला तोटा आहे का? खिडकीतून बघा. जीवदानीचा डोंगर आहे. समुद्रात अर्नाळ्याचा किल्ला आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी घेतलेला वसईचा कोट आहे. नालासोपारा म्हणजे जुनं शूर्पारक बंदर, तिथला स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये खणून काढला. हे शूर्पारक महाभारतात आहे. परशुरामासाठी समुद्राने ही जमीन मोकळी करून दिली असं तिथे सांगितलंय. एक मोकळी जमीन, आणि पुढचं ज्याचं त्याने वसवायचं! याहून चांगलं सेटिंग कुठल्या खोक्यातून येणार?

येत्या रविवारी, जेवणं उरकल्यावर, मेसमध्ये एका फुलस्केपवर नवा नकाशा सुरू करतोय. किनारा आणि वैतरणेची खाडी तेवढी काढलीय. गॅलरीतल्या त्या गोष्टीवाल्याला मी स्वतः जाऊन बोलावणार आहे, डोंगरामागे काय आहे ते तोच सांगेल. वाचून काही यायचं नाही. फासा नसेल तर माझा घ्या.