एका सेकंदाचा हिशोब

‘पी वेव्ह आणि एस वेव्ह यांतला फरक सांगा.’ पाच मार्कांचा हमखास प्रश्न! पी म्हणजे पुढे-मागे ढकलणारी, एस म्हणजे आडवी हलवणारी. पी आधी पोचते, एस नंतर. दोन आकृत्या काढल्या की विषय संपला. भूकंपाचा पेपर इलेक्टिव्ह, त्यामुळे ‘स्कोअरिंग नाही गं, नको घेऊस’ हा सीनियर्सचा सल्लाही ठरलेला. मला विचाराल तर मराठवाड्यातल्या सिव्हिलच्या मुलांना हा विषय ऑप्शनला टाकता येतो, हाच एक मोठा विनोद आहे.

जरा आकडेमोड करू. कठीण खडकातून पी लहर सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते, एस साधारण साडेतीन. म्हणजे दर आठेक किलोमीटरला दोघींमध्ये एका सेकंदाचं अंतर पडतं. आता ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट घ्या, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गावं दमून झोपलेली. अंबाजोगाई किल्लारीपासून सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटर. तिथे पहिली थरथर आणि खरा हादरा यांत नऊएक सेकंद. बीडला पंधराएक. आणि खुद्द किल्लारीत, जिथे भूकंप जवळजवळ पायाखालीच आणि फार खोल नसलेला? एक, फार तर दीड सेकंद. तेवढ्यात माणूस कूससुद्धा बदलत नाही.

जपानमध्ये पी लहर टिपून बुलेट ट्रेनला ब्रेक लागतात, हे आपण कौतुकाने वाचतो. पण तिथले बरेच मोठे भूकंप दूर समुद्रात होतात, म्हणून तेवढा वेळ हाती लागतो. किल्लारीसारख्या ठिकाणी मोबाईलवरचा अलर्ट येणार कधी, आणि वाचणार कोण? लहरींचं गणित असं फिरून शेवटी घराच्या भिंतीपाशीच येऊन थांबतं.

किल्लारीचा भूकंप ६.२ चा. मृतांचे आकडे वेगवेगळे आहेत, ८ ते १० हजारांच्या दरम्यान. १९८९ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळ ६.९ चा भूकंप झाला, म्हणजे ऊर्जा साधारण अकरा पट. तिथे माणसं गेली ६३. तो संध्याकाळचा होता, हे मान्य. पण एवढा फरक काय फक्त घड्याळाचा? दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, आतला आणि बाहेरचा असे दोन वेगळे पदर, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की एक पदर आत पडतो, एक बाहेर. वर माळवद, दरवर्षी गळती थांबवायला आणखी माती टाकून जड केलेलं. जितकं वजन जास्त तितका भूकंपाचा जोर जास्त, हे न्यूटनचं साधं गणित. उन्हाळ्यात गार म्हणून ज्याचं कौतुक, तेच छप्पर अंगावर आलं.

‘पण आपण कुठे हिमालयात राहतो?’ हा नेहमीचा प्रश्न. १९९३ साली किल्लारी भूकंपाच्या नकाशावर झोन १ मध्ये होती, म्हणजे सगळ्यांत सुरक्षित! २००२ च्या नकाशात झोन १ काढूनच टाकला आणि तो भाग झोन ३ मध्ये गेला. नकाशा माणसं गेल्यावर सुधारला. हिंगोलीकडे २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये ४.५ चे धक्के बसले, त्या दिवशी सगळ्यांचं स्टेटस ‘तुम्हाला जाणवला का?’. दुसऱ्या दिवशी सगळं शांत. असो.

आता माळवदं कमी झाली, स्लॅब आले. म्हणजे प्रश्न मिटला? कुठल्याही साईटवर जाऊन पिलरच्या रिंगा बघा. टोकं १३५ अंशांत आत वळवायची असतात, म्हणजे हादऱ्यात रिंग उघडत नाही आणि पिलर फुटत नाही. बहुतेक ठिकाणी मला ती नव्वद अंशांतच दिसली. एका मिस्त्रीकाकांना विचारलं तर म्हणाले, “ताई, आजपोत्तर कुणी इंजिनिअरनं इचारलं नाही.” जादा लोखंड लागतं किती? रिंगेमागे काही इंच!

म्हणून माझी मागणी साधी आहे. विषय सगळ्या सिव्हिलला कम्पल्सरी करा, आणि सबमिशनला मागच्या बॅचचं जर्नल उतरवण्याऐवजी प्रत्येकाने आपल्या गावातलं एक घर मोजून आणावं. भिंतीची जाडी, आरपार दगड आहेत का, दारा-खिडक्यांवरून चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा आहे का, छपराचं वजन किती. शंभर मुलं म्हणजे शंभर घरं, आणि त्या घरांतल्या माणसांशी निदान एकदा बोलणं.

मी आजीच्या घरापासून सुरुवात केली. पट्टा नाही. आरपार दगड एकही दिसला नाही. माळवदाची माती टेपने मोजली, दीड फूट. दहा बाय दहाच्या खोलीवर ते साधारण साडेसहा टन होतात. आजीची बाज त्याच खोलीत असते.