नोल्डेच्या चित्राखालची पाटी

१९३७ साली नाझी राजवटीनं जर्मनीतली सार्वजनिक संग्रहालयं झाडून काढली. आधुनिक म्हणून जे जे नजरेला खुपलं, ते भिंतीवरून उतरवून जप्त केलं. या जप्तीत सर्वाधिक कलाकृती गेल्या त्या एकाच चित्रकाराच्या: १०५२. त्याचं नाव एमिल नोल्डे. हा आकडा पुढे नोल्डेच्या फार कामी आला. ज्याच्या हजारावर कलाकृतींवर हिटलरच्या माणसांनी हात टाकला, तो हिटलरचा विरोधकच असणार, हे युद्धानंतरच्या जगानं गृहीत धरलं. प्रत्यक्षात नोल्डे नाझी होता. भीतीपोटी मान डोलावणारा नव्हे, तर मनापासून आणि युद्धाच्या अखेरपर्यंत.

त्याच्या कलेबद्दल मात्र वाद नाही. जन्म १८६७ चा, आजच्या जर्मन-डॅनिश सीमेजवळच्या नोल्डे नावाच्याच खेड्यात, शेतकऱ्याच्या घरात. मूळ नाव हान्स एमिल हान्सन. फ्लेन्सबुर्गला तो लाकडावरचं कोरीवकाम शिकला, फर्निचरच्या कारखान्यात राबला आणि मग स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेन इथे चित्रकलेचा शिक्षक झाला. तिथे त्यानं आल्प्सच्या शिखरांना म्हाताऱ्यांचे आणि राक्षसांचे चेहरे चिकटवले आणि त्यांची पोस्टकार्डं छापली. ती इतकी खपली की नोकरीला रामराम ठोकण्यापुरता पैसा हाती आला. पुढे अभिव्यक्तिवादाचा दिग्गज ठरलेल्या या माणसाच्या कारकिर्दीचं भांडवल असं पर्यटकांच्या खिशातून आलं. म्युनिकच्या कला अकादमीनं त्याला प्रवेश नाकारला. मग दाखाऊ, पॅरिस अशी फिरती झाली. १९०२ साली आडा फिल्स्ट्रुप या डॅनिश अभिनेत्रीशी लग्न झालं आणि त्याच सुमारास गावाचं नाव त्याचं आडनाव बनलं.

ड्रेस्डेनला किर्शनर, हेकेल, श्मिट-रॉटलुफ या तरुणांनी ‘ब्र्युके’ नावाचा गट काढला होता. वस्तू दिसते तशी काढायची नाही, ती पाहताना आत जे ढवळून निघतं ते रंगांतून बाहेर फेकायचं, असा त्यांचा खाक्या. नोल्डे त्यांच्याहून बराच मोठा, जवळपास चाळिशीचा. १९०६ मध्ये त्यांनी त्याला आग्रहानं बोलावलं, तो आला आणि पुढच्याच वर्षी बाहेरही पडला. गटात रमणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

१९०९ साली त्यानं ‘शेवटचं भोजन’ रंगवलं. येशूभोवती शिष्यांची दाटी, पिवळे-हिरवे चेहरे आणि मधोमध लाल वस्त्रातला येशू. देवघरात लावायच्या चित्रांचं गुळगुळीत सौंदर्य त्यात औषधालाही नाही. या माणसांना बाजूला सरकायला जागा नाही आणि पाहणाऱ्यालाही नाही. त्याच्या जलरंगांची जादू वेगळी. जपानी कागद ओला करायचा आणि त्यावर रंग सोडायचा. तो कागदात मुरतो, पसरतो, शेजारच्या रंगात शिरतो. कुठे थांबायचं हे अर्धं चित्रकार ठरवतो, अर्धं पाणी. खसखशीच्या फुलांचा लाल, समुद्रावरच्या ढगांचा जांभळा नोल्डेच्या हातून असा उतरला की त्याच्यापुढे भल्याभल्यांची तैलचित्रं फिकी वाटावीत. हे मान्य केल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही. चित्रकार सुमार असता तर प्रश्नच उरला नसता.

१९१० साली ‘बर्लिन सेसेशन’ या कलाकारांच्या संस्थेनं त्याचं ‘पेंटेकॉस्ट’ हे चित्र नाकारलं. नोल्डेनं संस्थेचा अध्यक्ष माक्स लीबरमान याच्यावर जाहीर पत्रातून तोफ डागली आणि संस्थेनं त्याला काढून टाकलं. लीबरमान ज्यू होता. कलाक्षेत्रात असली भांडणं नेहमीचीच. नोल्डेनं मात्र ते आयुष्यभर उगाळलं आणि हळूहळू त्याचं रूपच बदलून टाकलं. एका चित्राच्या नकाराची गोष्ट ‘ज्यू चित्रकार, ज्यू विक्रेते आणि ज्यू समीक्षक यांच्याविरुद्ध एकटा लढलेला अस्सल जर्मन कलावंत’ अशी होऊन बसली. १९३४ साली निघालेल्या त्याच्या आत्मचरित्राच्या दुसऱ्या खंडात ती याच थाटात येते. खरं तर रोझा शापिरे ही हॅम्बुर्गची ज्यू कलासमीक्षक त्याच्या सुरुवातीच्या पाठीराख्यांपैकी होती. तिला १९३९ साली जीव वाचवण्यासाठी इंग्लंड गाठावं लागलं.

हिटलर सत्तेवर आला तेव्हा नोल्डे ६५ वर्षांचा होता. या वयात पोटासाठी लाचारी करण्याची गरज नव्हती. नाव होतं, पैसा होता, उत्तरेला झेबुल इथे स्वतः बांधलेलं घर होतं. तरीही त्यानं १९३३ मध्ये ‘ब्र्युके’तला जुना सहकारी माक्स पेख्श्टाइन ज्यू असल्याची चुगली प्रचारमंत्रालयातल्या अधिकाऱ्याकडे केली. पेख्श्टाइन ज्यू नव्हता. चूक दाखवून दिल्यावरही नोल्डेनं शब्द मागे घेतले नाहीत. त्याच वर्षी ज्यूंना जर्मनीतून हलवून अन्यत्र वसवण्याची एक योजना त्यानं हिटलरपुढे ठेवण्यासाठी तयार केली. कुणी मागितली नव्हती. नोव्हेंबरात म्युनिकला, हिटलरच्या फसलेल्या उठावाच्या दहाव्या स्मरणदिनाला, एसएसप्रमुख हिमलरच्या आमंत्रणावरून तो पाहुणा म्हणून गेला आणि भारावून परतला. १९२० च्या सार्वमतानंतर त्याचं जन्मगाव डेन्मार्कमध्ये गेलं होतं आणि तो डॅनिश नागरिक झाला होता. म्हणून १९३४ मध्ये त्यानं सदस्यत्व घेतलं ते डेन्मार्कमधल्या जर्मन अल्पसंख्याकांच्या नाझी संघटनेचं.

मग त्याच्याच चित्रांवर वरवंटा का फिरला? कारण पक्षातच एकमत नव्हतं. अभिव्यक्तिवाद हीच खरी ‘नॉर्डिक’ कला, असं मानणारा एक गट नाझींत होता. बर्लिनच्या नाझी विद्यार्थ्यांनी १९३३ मध्ये नोल्डेची चित्रं प्रदर्शनात मांडली होती. पक्षाच्या विचारसरणीचा प्रवक्ता आल्फ्रेड रोझेनबर्ग याला मात्र हे सारं थेर वाटत होतं. प्रचारमंत्री गोबेल्स या दोघांच्या मधे लटकत होता. हिटलरचा वास्तुरचनाकार आल्बर्ट श्पेअर यानं आठवणींत सांगितलंय की गोबेल्सचं घर सजवताना त्यानं नोल्डेचे जलरंग लावले होते. गोबेल्स पती-पत्नीला ते आवडले, हिटलरनं येऊन नाक मुरडलं आणि चित्रं तात्काळ खाली उतरली. इतिहासाचा एक फाटा असा बैठकीच्या खोलीत ठरला. हिटलरची अभिरुची सामान्य दर्जाची नसती, तर नोल्डे नाझी राज्याचा राजचित्रकार झाला असता, असं म्हणायला बरीच जागा आहे.

जुलै १९३७ मध्ये म्युनिकला ‘अधःपतित कला’ हे टिंगलप्रदर्शन भरलं. नोल्डेची ‘येशूचं जीवन’ ही नऊ चित्रांची मालिका तिथे सुरुवातीलाच लावली होती. सुमारे ११२ कलाकारांच्या त्या प्रदर्शनात ज्यू अवघे सहा होते. नोल्डेला धक्का बसला. पण त्यानं राजवटीवर शंका घेतली नाही, राजवटीच्या माहितीवर घेतली. १९३८ मध्ये त्यानं गोबेल्सला पत्र लिहून ही बदनामी थांबवण्याची आणि जप्त चित्रं परत देण्याची विनंती केली. परक्यांच्या कलेविरुद्ध आपण एकटे कसे लढलो आणि पक्षात किती लवकर आलो, हे त्यात आवर्जून नोंदवलं. बायबलचे विषय त्यानं जवळपास सोडले आणि व्हायकिंग योद्धे, जळते डोंगर रंगवायला घेतले.

ऑगस्ट १९४१ मध्ये नाझींच्या कलामंडळानं त्याला काढून टाकलं. चित्रं विकायला, प्रदर्शनात मांडायला, छापायला बंदी आली. व्यवसायावरची बंदी, चित्र काढण्यावरची नव्हे. युद्धानंतर मात्र या बंदीची ‘चित्रबंदी’ झाली. पहारा चुकवून, तैलरंगांचा वास येईल म्हणून फक्त जलरंगांत, तळहाताएवढ्या कागदांवर चोरून रंगवणारा म्हातारा अशी ती कथा. सुमारे १३०० लहान जलरंगांना ‘न रंगवलेली चित्रं’ असं चटका लावणारं नाव मिळालं. त्यांतली कित्येक बंदीच्या आधीची होती.

ही दंतकथा नोल्डेनं एकट्यानं रचली नाही. त्याला साथीदार मिळाले, आणि या लेखाचा रोख चित्रकारापेक्षा त्यांच्यावर अधिक आहे. १९४६ मध्ये नाझीसंबंधांची चौकशी करणाऱ्या समितीनं त्याला निर्दोष ठरवलं. राजवटीनं त्याची कला धिक्कारली, हाच त्याच्या विरोधाचा पुरावा मानला. आत्मचरित्राच्या पुढच्या आवृत्त्यांतून ज्यूद्वेषाचे उतारे गुपचूप गळाले. वेर्नर हाफ्टमान या वजनदार कलासमीक्षकानं १९६३ मध्ये ‘न रंगवलेल्या चित्रां’वर पुस्तक लिहून दंतकथेला विद्वत्तेचा शिक्का दिला. हा हाफ्टमान स्वतःच नाझी पक्षाचा सदस्य होता, हे अलीकडे बाहेर आलं. १९६८ मध्ये झिगफ्रीड लेन्झची ‘डॉइचश्टुंडे’ कादंबरी आली. चित्रबंदी झुगारणारा तिच्यातला नायक चित्रकार नान्सन, आणि नोल्डेचं मूळ आडनाव हान्सन. पुस्तक तुफान खपलं, शाळांत शिकवलं गेलं, त्यावर टीव्हीपट निघाला. हेल्मुट श्मिट चॅन्सेलर असताना नोल्डेची चित्रं बॉनच्या सरकारी कार्यालयात लागली.

एका देशाला एवढी मोठी थाप पचली कशी? कारण ती सोयीची होती. युद्धानंतर जर्मनांना असा जर्मन हवा होता, जो देश सोडून गेला नाही, वाकला नाही आणि तरीही सुंदर काहीतरी करत राहिला. असे कलाकार मोजकेच होते. ज्यांनी खरी किंमत मोजली, त्यांच्या कथा ऐकायला जड होत्या. किर्शनरनं १९३८ मध्ये स्वतःला गोळी घातली. ऑटो फ्रॉइंडलिखचं शिल्प ‘अधःपतित कला’च्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापलं गेलं आणि १९४३ मध्ये त्याला छळछावणीत पाठवून मारलं. झेबुलच्या फुलबागेत फिरताना ही नावं आठवत नाहीत. नोल्डेचा मृत्यू १९५६ चा, मानसन्मानांत, वयाच्या ८८ व्या वर्षी, स्वतःच्या घरात.

अभिव्यक्तिवादाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो आणि तो या गोष्टीशी जुळलेला आहे. १९३३ मध्ये जर्मनी सोडून आलेला रूडी फॉन लायडन, १९३८ नंतर व्हिएन्नाहून ज्यू पत्नीसह निसटलेला वॉल्टर लँगहॅमर, त्याच शहरातून आलेला संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. सुझा, रझा, आरा, हुसेन या तरुण भारतीय चित्रकारांना युरोपातल्या आधुनिक कलेची चर्चा घरबसल्या ऐकवली आणि त्यांची चित्रं विकत घेऊन, त्यांच्यावर लिहून त्यांना उभं केलं ते या माणसांनी. नोल्डे ज्या राजवटीच्या दारात ताटकळत उभा होता, तिनंच यांना देशोधडीला लावलं होतं. गोव्यातल्या साळगावच्या सुझाचे ओरबाडलेले चेहरे पाहताना नोल्डेच्या ‘शेवटचं भोजन’मधले शिष्य आठवतात, तेव्हा हा हिशेबही लक्षात असलेला बरा.

दंतकथा मोडली ती बऱ्याच उशिरा. २०१३ नंतर झेबुलच्या नोल्डे न्यासानं हजारो कागदपत्रांचं आपलं दप्तर संशोधकांना खुलं केलं. त्यातून बर्नहार्ड फुल्डा आणि आया सोइका यांनी जे वाचून काढलं, ते २०१९ मध्ये बर्लिनच्या हाम्बुर्गर बानहोफ संग्रहालयात प्रदर्शन म्हणून मांडलं गेलं: चित्राशेजारी पत्र. तेव्हाच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांच्या कार्यालयात नोल्डेची दोन चित्रं होती. त्यांतलं ‘लाटा’ हे १९३६ चं चित्र प्रदर्शनासाठी गेलं आणि मर्केल यांनी ती दोन्ही परत न घेण्याचं ठरवलं. त्यांच्या जागी श्मिट-रॉटलुफची चित्रं लावायचं घाटत होतं. त्याच्याही जुन्या पत्रांत ज्यूविरोधी शेरे सापडले, तेव्हा भिंत कोरीच ठेवली.

मर्केल यांचं काही चुकलं नाही. सरकारप्रमुखाच्या खुर्चीमागची भिंत म्हणजे संग्रहालय नव्हे. तिथे जे लागतं त्याला देशाची पसंती चिकटते. पण तोच न्याय संग्रहालयांना लावून नोल्डेला तळघरात टाकावं, अशी मागणी कुणी केली तर ती मूर्खपणाची ठरेल. एक तर ते काम हिटलरनं आधीच करून पाहिलंय. दुसरं, चित्र काढून टाकलं की त्याच्यासोबत प्रश्नही जातो आणि पुढच्या पिढीला पुन्हा कुणी तरी ‘छळ सोसलेला संत’ विकायला मोकळा होतो. ‘कला वेगळी, कलाकार वेगळा’ हे नेहमीचं उत्तरही इथे अपुरं पडतं. नोल्डेच्या बाबतीत ज्या चाहत्यांनी ते म्हणायला हवं होतं, त्यांनी तसं कधीच म्हटलं नाही. त्यांनी कलेच्या जोरावर कलाकाराला साधू करून टाकलं.

म्हणून चित्रं भिंतीवरच राहावीत, चांगल्या उजेडात. बदलायला हवी ती खालची पाटी. नाव, साल, माध्यम यांच्यासोबत १९३७ ची जप्ती, १९३४ चं सदस्यत्व आणि पेख्श्टाइनविरुद्धची चुगली या तिन्ही गोष्टी एकाच पाटीवर याव्यात. आणि आत्मचरित्राचा तो दुसरा खंड छापायचाच असेल, तर तो १९३४ मध्ये निघाला तसा, एकही ओळ न गाळता छापावा.