खाजेची गोळी आणि फवारणीचा पंप



निंदण-फवारणीचे दिवस आले की खेड्यातल्या दुकानांत ॲलर्जीच्या गोळीचा खप वाढतो. धुऱ्यावर गाजर गवत फुललेले असते, मग ज्वारी फुलोऱ्यात येते, पुढे मळणीचा भुसा उडतो. नाक गळते, डोळे चुरचुरतात, अंगावर गांधी उठतात. "खाजेची गोळी द्या" म्हटले की दुकानदार पट्टी कापून दोन गोळ्या हातावर ठेवतो. नाव छापलेला तुकडा त्याच्याकडेच राहतो. बियाण्याच्या पिशवीचे लेबल आणि पावती आपण हंगामभर जपतो, पोटात जाणाऱ्या गोळीचे नावही विचारत नाही!

गोळी वाईट नाही. स्वस्त आहे आणि तिच्या जागी नेमके काम करते. न मानवणारी वस्तू नाकात किंवा अंगात गेली की शरीरातल्या काही पेशी हिस्टामीन नावाचे द्रव्य सोडतात. त्यानेच शिंका येतात, गांधी उठतात. हे द्रव्य जिथे जाऊन चिकटते ती जागा गोळी आधी अडवून धरते. बस्स, तिचे काम एवढेच. जो त्रास हिस्टामीनचा नाही, त्यावर तिची सत्ता चालत नाही.

गाजर गवताचेच घ्या. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात नोंदले गेलेले हे तण आज प्रत्येक बांधावर आहे. त्याचे पराग नाकात जाऊन शिंका सुटल्या तर गोळी उपयोगी पडते. पण निंदताना पाला लागून मान, पापण्या, हात काळे पडतात, कातडी जाड होऊन चिरते, तो आजार निराळ्या वाटेने होतो. तिथे गोळीने फार तर रात्री झोप लागेल, कातडी बरी होणार नाही. गवत फुलण्याआधी उपटावे, हातमोजे व पूर्ण बाह्या घालाव्यात, काम संपताच साबणाने धुवावे आणि कातडीच्या डॉक्टरला दाखवावे.

आपल्या बोलीनेही घोळ केला आहे. गांधी उठल्या की आपण "पित्त उठले" म्हणतो. दुकानदाराला "पित्ताची गोळी" मागितली की तो छातीतल्या जळजळीची गोळी देतो. तेव्हा "अंगाला खाज आहे" असे स्वच्छ सांगा.

या गोळ्यांच्या दोन पिढ्या आहेत. अवील, सीपीएम या जुन्या. त्यांनी झोप येते, आणि रात्री घेतली तरी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत डोके जड राहू शकते. त्या डोक्याने कडबाकुट्टीत पेंढी सारणे किंवा ट्रॅक्टर चालवणे म्हणजे हात गमावण्याची तयारी. सेटिरिझीन, लोराटाडीन, फेक्सोफेनाडीन या नव्या. यांनी गुंगी कमी येते, पण सेटिरिझीनने काहींना येतेच. म्हणून पहिली गोळी रात्री घरी घ्यावी आणि आपल्याला कशी लागते ते पाहावे. मोठ्या माणसाला सेटिरिझीनची दहा मिलिग्रॅमची एक गोळी दिवसभराला पुरते. गुण आला नाही म्हणून दुसरी घेऊ नये. वर दारू तर मुळीच नको. सर्दीच्या तयार गोळीत बहुधा सीपीएम असतेच, ती आणि खाजेची गोळी एकदम घेतली तर गुंगी दुप्पट.

लघवी अडखळणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि काचबिंदू असलेल्यांना जुनी गोळी देऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असेल तर सेटिरिझीनची मात्रा डॉक्टरनेच ठरवावी. गरोदर बाईनेही विचारूनच घ्यावी. लहान मुलांना मोठ्यांची गोळी मोडून देण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. सीपीएम आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्र औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला.

आता फवारणीचे. फवारायचे तेही "औषध" आणि गिळायचे तेही "औषध", आपल्याकडे दोहोंना शब्द एकच! फवारून आलेल्या माणसाला दरदरून घाम सुटला, तोंडाला लाळ आली, मळमळ झाली, दिसणे अंधुक झाले, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, छाती भरून आली, तर ती ॲलर्जी नव्हे, विषबाधा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. अशा वेळी खाजेची गोळी देऊन माणसाला बाजेवर निजवणे म्हणजे दवाखान्याचा वेळ खाणे. कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा आणि कीटकनाशकाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. फॉस्फरसयुक्त कीटकनाशकावर तिथे ॲट्रोपीन देतात. ते काम सेटिरिझीनचे नाही.

मधमाशी चावल्यावर किंवा इंजेक्शनानंतर ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, चक्कर आली, तरीही गोळीची वाट पाहू नका. तिथे ॲड्रेनॅलीनचे इंजेक्शनच लागते, तेही मिनिटांत.

मी शेतकीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण फवारणीच्या हंगामात प्राथमिक आरोग्य केंद्रात ही दोन्ही इंजेक्शने शिल्लक आहेत का, हे विचारायला डॉक्टर असावे लागत नाही. प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने आपल्या केंद्रात जाऊन विचारावे आणि उत्तर कागदावर लिहून जिल्हा बैठकीला आणावे. येताना घरातल्या गोळ्यांच्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्याही आणा. नावे वाचून पाहू.