गाण्याचें माप कोणाच्या हातीं?

लोकगीतें छापतांना त्यांतील 'छंदोदोष' दुरुस्त करण्याची जी खोड आमच्या कांहीं संपादकांस जडली आहे, तिजविषयीं स्पष्ट बोलणें आम्हांस प्राप्त आहे. दर्यावरील गाण्यांवर हा उपचार होऊन चुकला. आतां शहापूर-मुरबाडकडील आवणीच्या गाण्यांची पाळी दिसते. त्यांतहि 'कोळीगीत' या एका नांवाखालीं किनाऱ्यावरील सोनकोळी आणि या डोंगरपट्टींतील महादेव कोळी एकत्र बसविले जातात! एकाचें शेत समुद्र, दुसऱ्याचें भातखाचर. दोहोंच्या गाण्यांत सारखें आहे तें एकच, आणि नेमकें तेंच या पंडितांस दिसत नाहीं: दोन्ही हाताच्या कामावर चालतात.

वल्ह्याच्या एका फटक्यापासून दुसऱ्यापर्यंतचा काळ हें तेथील माप. खाचरांत ओणव्या बाया मुठींतल्या काड्या चिखलांत रोवीत मागें सरकतात, तेथेंहि तसेंच. तेवढ्या काळांत आठ अक्षरें आलीं तर स्वर लांबतो, बारा आलीं तर आखडतो. काळ ढळत नाहीं. कागदावर अक्षरें मोजणारास मात्र पहिली ओळ लंगडी व दुसरी लठ्ठ वाटते. मग लंगडीस एखादें 'सुंदर' चिकटवावयाचें आणि लठ्ठींतलें 'गं बाई' कापावयाचें. ज्या 'गं'वर गाणारीण दम घेते, तोच गेला! असा एक 'शुद्ध' पाठ आम्हीं मुरबाडकडील एका आजीस वाचून दाखविला. तिनें तो म्हणून पाहिला, दोनदां अडखळली, आणि म्हणाली, "याच्यावर हात चालायचा नाय."

यमकाचीहि तीच कथा. एकीनें ओळ म्हणावी, बाकीच्यांनीं धृपद उचलावें, अशी रीत असल्यामुळें कानास हवी ती पुनरावृत्ति धृपदांतच मिळते. ओळीअखेर यमक जुळलें तर बरें, न जुळलें तरी अडत नाहीं. पोवाड्यांत झीलकऱ्यांचें 'जी जी' हेंच काम करतें. शिडाच्या जहाजांवरील इंग्रज खलाशीहि दोर ओढतांना असेंच गात. एकानें ओळ सांगावी, इतरांनीं ओढीच्या क्षणीं धृपद म्हणावें.

दुरुस्तीच्या समर्थनार्थ माधवराव पटवर्धनांच्या 'छन्दोरचने'चें नांव पुढें करण्यांत येतें. पण पटवर्धनांनीं ओवी-अभंगादि छंद लघुगुरूंच्या वृत्तांहून वेगळे काढले आणि जातिरचना तर आवर्तनांनीं, म्हणजे काळानेंच, मोजली. हें या गृहस्थांनीं वाचलें आहे काय?

आमची मागणी मोठी नाहीं. जें ऐकलें तें छापा, धृपद जितक्या वेळां आलें तितक्या वेळां छापा, आणि कापलेलीं 'गं बाई' पुढील आवृत्तींत जागच्या जागीं परत ठेवा.