दंड कमवा, रक्तही तपासा

शरीरसौष्ठवाची स्पर्धा पिंपरी-चिंचवडला नवी नाही. भोसरीसारख्या गावांत तालमी जुन्या आहेत आणि ‘श्री’ किताबाच्या स्पर्धांना मंडळांचे पाठबळही असते. नवे आहे ते मंचावरच्या महिलांचे दिसणे. गेल्या दहा-बारा वर्षांत राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर महिलांचे स्वतंत्र ‘फिजिक’ गट होऊ लागले. मुंबईच्या श्वेता राठोर यांनी २०१५ मध्ये आशियाई स्पर्धेत पदक मिळवले. सांगलीत २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी हिने गदा जिंकली. ताकद हा केवळ पुरुषांचा प्रांत नाही, हे आता वेगळे सिद्ध करायला नको.

तरीही घराघरांतला प्रश्न कायम आहे : ‘वजने उचलली तर मुलगी पुरुषासारखी दिसणार नाही का?’ विज्ञानाचे उत्तर सरळ आहे. स्नायू फुगण्यामागे टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा मोठा वाटा असतो आणि स्त्रियांच्या रक्तात त्याचे प्रमाण पुरुषांच्या साधारण दहाव्या भागाहूनही कमी असते. आठवड्यातून दोन-तीन दिवस डंबेल उचलल्याने दंड राक्षसी होत नाहीत. हाडे मात्र बळकट होतात, गुडघे-कंबर सावरतात आणि जेवणानंतर रक्तातली साखर शोषून घ्यायला जास्त स्नायू मिळतात. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात, रजोनिवृत्तीनंतर हाडेही झपाट्याने विरळ होतात. जागतिक आरोग्य संघटनेने म्हणूनच प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवला आहे. त्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही.

या पट्ट्यात हा सल्ला अधिक महत्त्वाचा आहे. चाकण, भोसरी, तळेगावच्या कारखान्यांत हजारो तरुणी जुळणीच्या लाइनवर आठ-आठ तास उभ्या असतात. शिफ्ट संपली की घरचे काम सुरू होते. ‘दिवसभर राबतो, वेगळा व्यायाम कशाला?’ हा त्यांचा सवाल रास्त वाटतो. पण एकच हालचाल हजार वेळा करणे म्हणजे व्यायाम नव्हे. त्यात खांदा आणि कंबर झिजते, बाकीचे शरीर तसेच राहते. व्यायामात भार हळूहळू वाढवला जातो आणि शरीराला विश्रांती मिळते. लाइनवर या दोन्ही गोष्टी नसतात.

आता दुसरी बाजू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. रक्तात लोह नसलेल्या मुलीच्या हाती जड बार देऊन ‘दम काढ’ म्हणणे हे प्रोत्साहन नव्हे. स्पर्धेच्या तयारीत चरबी फार घटवली, खाणे तोडले की पाळी बंद पडते आणि ऐन तारुण्यात हाडे ठिसूळ होऊ लागतात. ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ पासून या ऊर्जेच्या तुटीबद्दल सावध केले आहे. पाळी थांबणे ही मेहनतीची पावती नव्हे, तो धोक्याचा इशारा आहे.

त्याहून गंभीर आहे ते इंजेक्शन. घटलेला आवाज, चेहऱ्यावरचे केस यांसारखे स्टेरॉइडचे काही परिणाम स्त्रियांमध्ये औषध बंद केल्यावरही पूर्ण जात नाहीत. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी जिमच्या ओळखीने ती मिळतात ही चर्चा लपून राहिलेली नाही. प्रथिनांच्या डब्यांचेही तेच. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारसूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा, असेच सांगितले आहे. सामान्य व्यक्तीला किलोमागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात, नियमित वजने उचलणाऱ्यांना काहीशी जास्त. डाळ-उसळ, दूध-दही, अंडी, शेंगदाणे यांतून ती भागतात. प्रश्न असतो तो ताटात वाढून घेण्याचा, कारण घरात बाईच शेवटी जेवते.

तेव्हा प्रोत्साहन म्हणजे फक्त एक रात्रीचा मंच, दिवे आणि धनादेश नव्हे. महापालिकेच्या व्यायामशाळांत महिलांसाठी शिफ्टला सोयीच्या वेळा हव्यात, प्रशिक्षित महिला मार्गदर्शक हव्यात आणि बाहेर रस्त्यावर दिवा हवा. कारखान्यांनी वार्षिक तपासणीत हिमोग्लोबिन मोजून कमी आढळलेल्यांवर उपचार होतील हे पाहावे. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी खेळाडूंच्या उत्तेजकचाचणीची जबाबदारी घ्यावी. विजेतीचा फलक चौकात लागावाच. पण रात्रपाळी संपवून पायऱ्या चढताना जिला धाप लागत नाही, ती बाईही याच शहराचे यश आहे. तिच्यासाठी एक डंबेल, एक तास आणि पोटभर ताट एवढे तर आपण नक्की देऊ शकतो.