चार प्रश्नांचा रकाना

क्षयाचा जंतू फुफ्फुसात शिरला म्हणजे माणूस क्षयी झालाच, असे नाही. बहुतेकांच्या देहात तो वर्षानुवर्षे, कित्येकदा आमरण, निद्रिस्त पडून असतो आणि जगातील सुमारे एक चतुर्थांश लोक त्याचे असे अजाण यजमान आहेत. परंतु ज्याच्या रक्तात एचआयव्हीने ठाण मांडले आहे, त्याच्या देहातली ही निद्रा फार हलकी असते: इतरांना जो धोका सबंध आयुष्यात शेकडा ५ ते १०, तो एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचार, सुरू नसलेल्या अशा रुग्णाला एकेका वर्षात जवळजवळ तितकाच.

यावरचा उपाय काही दुर्मीळ नाही. १९५२ पासून वापरात असलेली आयसोनियाझिडची स्वस्त गोळी सहा महिने रोज घ्यावयाची, एवढेच. आयव्हरी कोस्टमधील ‘टेम्प्रानो’ चाचणीत, एआरटी लवकर सुरू झालेली असो वा उशिरा, ही गोळी घेतलेल्यांत सुमारे पाच वर्षांअखेर मृत्यूचे प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्या एआरटी केंद्रांतही ती मोफत मिळते. तरीही पुष्कळ डॉक्टरांचा हात ती लिहिताना अडखळतो. जागा झालेला पण नजरेतून सुटलेला क्षय असलेल्याला हे एकच औषध दिले तर जंतू त्याला दाद देईनासा होईल, ही त्यांची धास्ती. धास्ती रास्तच आहे, पण तिची जागा औषधापाशी नसून औषधाआधीच्या चौकशीपाशी आहे. खोकला, ताप, वजनात घट, रात्रीचा घाम या चारांपैकी काहीही असेल तर आधी बेडका तपासावा, चारही नसतील तर क्षयाच्या त्वचाचाचणीसाठी न थांबता गोळी सुरू करावी, असा दंडक आहे. सारी इमारत या चार प्रश्नांवर उभी.

आणि ते विचारले कसे जातात? एका जिल्ह्याच्या इस्पितळात विडी वळणाऱ्या एका बाईंसमोर मी ते ऐकले. “खोकला? ताप? वजन? घाम?” एका दमात चार प्रश्न, चार वेळा “नाय”, आणि रकाना भरला. रांग मोठी होती, प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला तरी काय बोल लावावा! वरिष्ठांच्या तक्त्यात गोळ्या किती जणांना सुरू झाल्या हे मोजले जाते. प्रश्न कोणत्या स्वरात विचारला, याची नोंद ठेवणारे दप्तर अद्याप निघावयाचे आहे. माझी मागणी नव्या यंत्राची नाही. दर रुग्णामागे पाच मिनिटांची आणि त्या मिनिटांसाठी आणखी एका माणसाच्या नेमणुकीची आहे.

त्या दिवशी मात्र शेजारच्या टेबलावरच्या वयस्क समुपदेशक बाईंनी केसपेपर ओढून घेतला. “अक्का, ठसका लागतो का हो?”

“तो लागतोच की, तंबाखूचा. विड्या वळते न्हवं.”

“आणि बांगड्या?”

अक्कांनी न बोलता हात वर केला. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. बेडक्याची डबी घेऊन त्या प्रयोगशाळेकडे गेल्या. गोळ्यांची पाकिटे टेबलावरच राहिली.