गांजाचे औषध : परवाना कोणाला, बेडी कोणाला?



कापसाला भाव नाही, ज्वारीला गिऱ्हाईक नाही, मग गांजाच लावू द्या, असे बैठकीत कोणीतरी म्हणतो आणि सगळे हसतात. २०२१ साली सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने तर जिल्हाधिकाऱ्यांकडे तसा रीतसर अर्जच दिला. अर्ज पोलिसांकडे गेला आणि पोलिसांनी तो प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला. आता त्यात नवी भर पडली आहे : गांजात औषध आहे, परदेशात नसांच्या दुखण्यावर देतात. बातमी खोटी नाही, पण अर्धी आहे.

नसांचे दुखणे आपल्याकडे घरोघर आहे. शुगरच्या रोग्याच्या तळपायाची आग, नागीण बरी झाल्यावरही महिनोन्‌महिने राहणारी जळजळ, रात्री उठणाऱ्या चमका. काटा रुतला की दुखते ते सावध करण्यासाठी. हे दुखणे तसे नाही. मोटारीची केबल उंदराने कुरतडावी आणि वाटेतच ठिणग्या उडाव्यात, तसे इथे नसच बिघडलेली असते. म्हणून अंगदुखीच्या साध्या गोळ्या त्यावर फारशा चालत नाहीत.

गांजाचा इथे काय संबंध? १८३९ साली कलकत्त्यात ओशॉनेसी या डॉक्टरने भारतीय भांगेचे प्रयोग छापले. १९६४ मध्ये इस्रायलच्या मेशुलम आणि गाओनी यांनी नशा आणणारे द्रव्य, टीएचसी, वेगळे काढले. पुढे कळले की माणसाच्या नसांवर या द्रव्याला बसायची जागाच असते. ते तिथे बसले की दुखण्याचा निरोप पुढे जाणे मंदावते. शरीर स्वतःही तसलेच द्रव्य तयार करते. १९९२ मध्ये ते सापडले तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिले आनंदमाइड, आपल्याच ‘आनंद’ शब्दावरून. नाव आमचे, झाड आमच्या ओळखीचे, संशोधन मात्र बाहेरचे!

पण रोग्याला गुण किती? २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एड्सच्या विषाणूमुळे नसा दुखणाऱ्या ५० रोग्यांवर चाचणी झाली. खरा गांजा ओढणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांचे दुखणे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा जास्त उतरले. द्रव्य काढून घेतलेला गांजा ओढणाऱ्यांत २४ टक्के. आकडा मोठा, पण चाचणी पाच दिवसांची. २०१८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १६ चाचण्या आणि १७५० रोगी एकत्र मोजले तेव्हा चित्र उतरले. दुखणे निम्म्याने कमी झाले असे सांगणारे शंभरात २१, आणि खोट्या औषधावरचे १७. त्रास झाला म्हणून औषध सोडणारे १० विरुद्ध ५. म्हणजे शंभरातल्या चौघांना जादा गुण आणि पाच जणांना जादा त्रास. हा हिशेब कोणताही एजंट तुम्हाला सांगणार नाही. पायाची आग होणाऱ्याने चिलमीच्या नादी लागू नये. शुगर तपासावी आणि डॉक्टरला नसांचे औषध विचारावे. अमिट्रिप्टिलीनसारखी जुनी, स्वस्त गोळीही त्यात आहे.

आता शेताचे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कलम २० खाली परवान्याशिवाय गांजा लावला तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. बटाईदाराने तुरीच्या ओळीत लावला आणि मालकाने माहीत असून कळवले नाही, तर कलम ४६ मालकालाही धरते. उलट जम्मूत सीएसआयआरची संशोधन संस्था कॅनडाच्या एका कंपनीबरोबर रीतसर परवान्याने गांजा वाढवते. नसांचे दुखणे, कर्करोग, अपस्मार यांवरची औषधे हा उद्देश. संशोधन व्हावेच, त्याला आमची ना नाही. पण इंग्रजांच्या काळात इथून जवळच खंडव्याला शेतकरीच परवान्याने गांजा पिकवीत आणि सरकारी गोदामात घालीत. परवान्याच्या त्या रांगेत आज शेतकरी कुठे आहे?

तरीही रांग उघडली म्हणून धावू नका. औषधाला लागतात मादी झाडाची फुले. नराचा पराग बसला की बी धरते आणि गुण उतरतो. प्रत्येक खेपेला द्रव्याचे प्रमाण तेच लागते. म्हणजे बंद घर, कलमे, प्रयोगशाळा. पावसाच्या भरवशावरच्या जमिनीचे हे पीक नव्हे. सफेद मुसळीची रोपे विकणारे श्रीमंत झाले आणि मुसळी पिकवणारे बसले, हे आपण पाहिले आहे. धाग्याचा आणि बियांचा हेंप वेगळा. त्यात नशा नगण्य असते, २०१८ मध्ये उत्तराखंडने त्याला परवाना दिला, आणि कोरडवाहूला विचार करायचाच तर त्याचा.

म्हणून जिल्हा बैठकीत ठराव आणायचा तर ‘गांजा लावू द्या’ एवढाच नको. कलम १० ने राज्य सरकारला परवानगीचा अधिकार दिला आहे. हिमाचल सरकारने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांना पथदर्शी अभ्यासाची मंजुरी दिली. तशी मंजुरी अकोला, परभणी आणि राहुरीला द्या. एकरी खर्च आणि उतारा मराठीत छापा. आणि पुढे परवाने निघाले तर कंपनीला ज्या अटी, त्याच शेतकऱ्याला.